जुन्या डिस्कचें दान

जीर्ण वस्तूचें काय करावें, हा प्रश्न आपल्या घरांतून पूर्वीं फारसा निघत नसे. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई, भांड्याची कल्हई उडाली कीं कल्हईवाल्यास हांक जाई, आणि थोरल्याचें पुस्तक धाकट्याच्या दप्तरांत आपोआप जाऊन पडे. या व्यवहारास कोणी नीति म्हणत नसे. ती घरची रीत होती. परंतु आजच्या घरांतील एका वस्तूनें या रीतीस नवाच पेंच घातला आहे, व सुज्ञ वाचकांनीं त्याचा विचार करावा अशी आमची इच्छा आहे. ती वस्तु म्हणजे जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्क.

दहाबारा वर्षांपूर्वींचा लॅपटॉप मंद चालूं लागला कीं तो निकामी झाला असें आपण समजतों. वस्तुतः पुष्कळ वेळां दोष एकाच अवयवाचा असतो. अशा यंत्रांतील अडीच इंची डिस्क बहुधा मिनिटास ५,४०० फेरे घेते, आणि तिजवरून फिरणारी बारीक दांडी हवी ती नोंद गांठण्यास दर वेळीं सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग घेते. हा काळ ऐकण्यास अल्प. परंतु यंत्र सुरू होतांना असे शोध हजारों वेळां करावे लागतात. तिच्या जागीं फिरते भाग नसलेली एसएसडी बसविली कीं तेंच यंत्र चपळ होतें. अनेक यंत्रांत हें काम चार स्क्रू काढण्याइतकें सोपें असतें. येथवर काटकसर आणि शहाणपण यांचें एकमत आहे.

वाद पुढेंच आहे. काढलेली डिस्क अद्याप चालते. ती टाकावी तर नासाडी होते. लहानशा डबींत बसवून यूएसबीनें जोडली तर घरींच साठवणीस उपयोगी पडते. एखाद्या होतकरू विद्यार्थ्यास दिली तर त्याची गरज भागते. परंतु ती देण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

धर्मशास्त्रकारांनीं दानाचें लक्षण मोठें मार्मिक केलें आहे. वस्तूवरील आपलें स्वत्व सोडून तेथें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें, याचें नांव दान. लुगडें देतांना स्वत्व हातासरशी सुटतें. डिस्कचें तसें नाहीं. फाइल काढून टाकिली तरी सामान्यतः तिची अनुक्रमणिकेंतील नोंद तेवढी जाते. मजकूर, त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, जागच्या जागीं राहतो. अमेरिकेंतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकल व अभि शेलाट यांनीं १५८ जुन्या डिस्का मिळवून तपासल्या व ती हकीकत २००३ सालीं प्रसिद्ध केली. चालणाऱ्या १२९ डिस्कांपैकीं नीट पुसलेल्या अवघ्या १२ होत्या. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारों क्रमांक आणि खासगी पत्रव्यवहार हातीं लागला.

शिवाय डिस्कवरील सर्व मजकूर देणाऱ्याचाच असतो असेंही नाहीं. मित्रानें विश्वासानें लिहिलेलें पत्र, बहिणीच्या दुखण्याचा रिपोर्ट, अर्ज भरण्यासाठीं शेजाऱ्यानें दिलेलीं कागदपत्रें, या साऱ्या ठेवी होत. नारदस्मृतींत देण्यास अयोग्य अशा वस्तूंमध्यें ठेवीची गणना केली आहे. डिस्क आमची असेल; तिच्यांतील ठेव आमची नव्हे.

यावर कित्येक म्हणतील, मग हातोडीनें फोडून टाकावी, म्हणजे चिंता मिटली. डिस्क इतकी बिघडली असेल कीं तिजवर नवें लिहितांच येत नाहीं, तर हा उपाय आम्हांसही मान्य आहे. परंतु धडधाकट डिस्क फोडणें म्हणजे आपला आळस सावधगिरीच्या नांवावर खपविणें होय. चुंबकीय डिस्कवर सर्वत्र एकदां शून्यें लिहिणें सामान्यतः पुरेसें आहे, असें अमेरिकेच्या मानकसंस्थेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. तें काम यंत्र कांहीं तासांत आपण होऊन करतें. एसएसडीची गोष्ट मात्र निराळी. ती नवा मजकूर आपल्या सोयीनें दुसऱ्याच जागीं लिहिते. म्हणून तिला पुसण्याची तिच्यांतच ठेविलेली आज्ञा वापरावी लागते.

मागच्यांचें ऋण असें फिटलें तरी पुढच्याचें राहतेंच. कठोपनिषदांत नचिकेत्याचा पिता दूध आटलेल्या, मरणास टेकलेल्या गाई दान देऊं लागला, तेव्हां त्या बालकाचें मन अस्वस्थ झालें. खराब होत चाललेली डिस्क गरीब मुलास देणें हें त्याच जातीचें दान आहे. तो तिच्यावर आपला वर्षभराचा अभ्यास ठेवील आणि एके दिवशीं सर्व गमावून बसेल. डिस्क आपल्या निकामी झालेल्या भागांची मोजदाद स्वतःच ठेवीत असते; ती पाहणें, व दिसलेला दोष घेणाऱ्यास स्पष्ट सांगणें, हें दात्याचें काम आहे. दोष नसला तरी महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत ठेव, एवढें त्यास बजावावें.

जुनें वापरणें हा सद्गुण खरा. परंतु पैसा वांचला किंवा नांव झालें, एवढ्यानें तो सिद्ध होत नाहीं. ज्यांनीं आपणांवर विश्वास टाकिला आणि जो यापुढें टाकणार आहे, त्या दोघांचीही आठवण ठेवून जो डिस्क हातावेगळी करील, त्याचेंच तें देणें दान म्हणावयाचें. बाकीचें केवळ अडगळ काढणें होय.