ग्रामसभेचा ठराव आणि रूढीचा अधिकार

एखादी धार्मिक रूढी बंद करण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना असला, तरी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये तो अगदी नव्या जागी आणून ठेवला. पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटारे, अतिक्रमणे आणि घरपट्टीची थकबाकी हे जिचे नेहमीचे विषय, त्या ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि पायातली जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा अशा आशयाचे परिपत्रक काढले. ठरावाचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांच्यापुढे आलेला मंगळसूत्राचा विषय हा धर्मनिर्णय ठरतो की निव्वळ कारभार, आणि धर्मनिर्णय ठरत असेल तर तो देण्याची योग्यता ग्रामसभेच्या अंगी कोठून येते, या प्रश्नाला त्या स्वागतात फारसा कोणी हात घातला नाही.

परंपरेला हा प्रश्न ठाऊक होता आणि तिचे उत्तरही ठरलेले होते. धर्माविषयी संशय उत्पन्न झाला, म्हणजे श्रुती आणि स्मृती यांतून स्पष्ट आज्ञा मिळेनाशी झाली, की निर्णय ‘परिषदे’ने द्यावा असे मनुस्मृती सांगते. परिषद म्हणजे वेदवेत्त्या ब्राह्मणांची सभा. तिच्यात दहा जण असावेत, निदान तीन असावेत, आणि केवळ जातीच्या नावावर जगणारे अविद्वान हजारोंनी जमले तरी त्यांची परिषद होत नाही, असा तिचा दंडक आहे. हा दंडक ग्रामसभेला लावला तर निकाल क्षणात लागतो, कारण गावातील मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष जिचा सदस्य असतो अशी ग्रामसभा ही नेमकी परिषदेच्या उलट टोकाची संस्था आहे. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी मात्र बराच काळ परिषदेच्याच अंगणात खेळणे पत्करले. विधवाविवाहाविषयी 1870 साली पुण्यात शंकराचार्यांसमोर झालेला प्रसिद्ध वाद शास्त्राधारांवर लढवला गेला आणि सुधारकांच्या विरोधात गेला. त्यानंतरही वचनांचा अर्थ लावण्याचे काम थांबले नाही, आणि पुढे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी विधवेच्या केशवपनाला वेदांचा किंवा प्राचीन स्मृतींचा आधार नाही, ती उत्तरकालीन प्रथा आहे, हे आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात साधार दाखवले.

तथापि शास्त्रकारांनी रूढीसाठी एक खिडकी उघडी ठेवली होती, आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. धर्माच्या प्रमाणांमध्ये त्यांनी ‘सदाचार’ म्हणजे शिष्टांचे आचरण यालाही स्थान दिले, आणि देशाचार, जात्याचार व कुलाचार म्हणजे त्या त्या प्रदेशाच्या, जातीच्या आणि घराण्याच्या चालीरीती राजानेही मोडू नयेत असे सांगितले. याहून महत्त्वाचा विचार याज्ञवल्क्यस्मृतीत आहे: एखादे कर्म धर्म्य असले तरी ते ‘लोकविद्विष्ट’ झाले असेल, म्हणजे लोकांना त्याचा तिटकारा आला असेल, तर ते करू नये. पूर्वी विहित असलेली पण कलियुगात टाकून दिलेली कर्मे ज्या ‘कलिवर्ज्य’ प्रकरणात एकत्र केली जातात, त्यामागे हीच दृष्टी आहे, आणि परंपरा कधी बदललीच नाही असे म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण एकदा डोळ्यांखालून घालायला हवे. अडचण एवढीच की कलिवर्ज्यांच्या यादीत नियोग जसा आहे तसाच विधवेचा पुनर्विवाहही आहे; लोकांना ज्याचा तिटकारा आला ते टाकावे हे तत्त्व दोन्ही बाजूंना कापते, आणि ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हे त्यात सांगितलेले नाही.

मराठी मुलखात ‘लोक’ या शब्दाला एक प्रत्यक्ष शरीर होते. शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढर’; पण पांढर म्हणजे त्या जागेवर नांदणारा गाव असाही अर्थ होता, आणि वाद निवडण्यासाठी पाटील, कुलकर्णी, मिरासदार शेतकरी व बलुतेदार यांची जी सभा बसे तिला ‘गोत’ किंवा गोतसभा म्हणत. तिच्या निवाड्याचा कागद तो ‘महजर’. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगर आणि बलुतेदारांच्या नावांपुढे आपापल्या धंद्यातल्या अवजाराची निशाणी उमटे. वतनाचे आणि शिवेचे तंटे तिच्यापुढे येत, तसे जातीत परत घेण्याचे आणि प्रायश्चित्ताचे प्रश्नही तिच्या वाट्याला येत. साक्षी-पुराव्याने निकाल लागेना की ‘दिव्य’ करावे लागे, म्हणजे तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढणे किंवा तप्त लोखंड हातावर धरणे अशा कसोटीतून देवाचा कौल घ्यावा लागे; आणि पंचांना निवाड्याआधी पूर्वजांची आठवण दिली जाई, कारण खोटा निवाडा केला तर त्याचे पाप त्यांच्या पितरांना भोवते असा समज होता. पंचांच्या मुखी परमेश्वर असतो ही श्रद्धा येथून आली. गोतसभेची थोरवी गाणाऱ्या लेखकांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही, ती अशी की तिच्यात अठरापगड निशाण्या होत्या, परंतु ज्या स्त्रीच्या कपाळाचा आणि मनगटाचा प्रश्न असे तिची निशाणी कोठेच नव्हती.

हीच सभा उलट्या दिशेनेही चालते. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मूळ गावी, दापोली तालुक्यातील मुरुड येथे, ग्रामस्थांची सभा भरली आणि कर्व्यांना वाळीत टाकण्याचा ठराव झाला. ते ज्या बैठकीला असतील तेथे कोणी बसू नये, आणि ते गावी आले असता घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही तोच दंड, असे त्या ठरावाचे स्वरूप होते. मुरुडचा ठराव आणि हेरवाडचा ठराव यांच्यामध्ये सुमारे 130 वर्षांचे अंतर असले आणि एक स्वयंघोषित सभेने तर दुसरा कायद्याने स्थापलेल्या ग्रामपंचायतीने केलेला असला, तरी दोन्हीकडे गावच बोलतो, आणि दोन्ही वेळा विषय विधवेचाच असतो. एक ठराव प्रतिगामी आणि दुसरा पुरोगामी, एवढे म्हणून सुटका होत नाही. गावाला विधवेसंबंधी ठरवण्याचा अधिकार आहे असे आज मान्य केले तर तो मुरुडलाही होता, आणि मुरुडला नव्हता असे म्हटले तर हेरवाडला तो कोठून आला, याचे उत्तर द्यावे लागते. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला आणि राज्यघटनेचे मूळ एकक गाव न धरता व्यक्ती धरले, त्याच्या मागे गावाच्या याच अमर्याद अधिकाराचा अनुभव उभा होता.

या पेचातून वाट काढायची असेल तर रूढी प्रत्यक्षात घडते कशी, ते जवळून पाहावे लागते. नवऱ्याचे प्रेत उचलण्यापूर्वी किंवा काही ठिकाणी दहाव्याला, बायकांच्या घोळक्यात त्या स्त्रीला बसवले जाते. शेवटचे म्हणून तिच्या कपाळी मळवट भरला जातो आणि तोच लगेच पुसला जातो. मनगटे एकमेकांवर आपटून किंवा दगडाने तिच्या बांगड्या फुटतात. जोडवी बोटांतून ओढली जातात, आणि हे करणारे हात पुष्कळदा आधीच विधवा झालेल्या स्त्रियांचे असतात. या क्रियेत बहुधा कोणताही मंत्र नसतो, आणि ती स्वतः आपल्या हाताने यातले जवळजवळ काहीच करीत नाही. त्यानंतर जे सुरू होते ते वर्षानुवर्षे चालते: हळदीकुंकवाचे आमंत्रण येत नाही, ओटी भरली जात नाही, लग्नघरी मांडवात तिला मागे राहावे लागते, सकाळी कामाला निघालेला माणूस ती आडवी आली की थबकतो. एक दिवसाची क्रिया ही या दीर्घ वागणुकीची केवळ सनद असते.

म्हणजे ही रूढी एखाद्या ग्रंथात किंवा त्या स्त्रीच्या श्रद्धेत वसत नाही. ती वसते इतरांच्या हातांत, आमंत्रणांत आणि नजरेत. उपवास, जप, तीर्थयात्रा ही ज्याची त्याने करायची कर्मे आहेत आणि त्यांच्या बाबतीत ग्रामसभेला काडीचाही अधिकार नाही; परंतु जे कर्म मुळात गावच दुसऱ्यावर करतो, ते करणे थांबवण्याचा अधिकार गावाखेरीज दुसऱ्या कोणाला असू शकत नाही, परिषदेलाही नाही आणि विधिमंडळालाही पुरतेपणी नाही. हेरवाडच्या ठरावाचे समर्थन या पायावर भक्कम उभे राहते: गाव तेथे नवा धर्म सांगत नाही, आपल्याकडची शिक्षा मागे घेतो. मुरुडचा ठराव याच कसोटीवर पडतो, कारण तेथे गाव एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या स्वतःच्या कृत्यावर हुकूम चालवत होता. विद्वत्तेच्या जोरावर मिळणारा अधिकार आणि कर्तेपणामुळे येणारी जबाबदारी यांत हा भेद आहे, आणि परिषदेचा दंडक ग्रामसभेला लावण्यात जी चूक होते ती हा भेद न ओळखल्यामुळे होते. केशवपनाच्या इतिहासातही हेच दिसते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईत न्हावी विधवांचे वपन करणार नाही म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांनी शास्त्रार्थ केला नाही, आपला वस्तरा खाली ठेवला.

पण याच पायावरून ठरावाच्या शब्दांवर एक मर्यादाही येते, आणि ती अनेक ठरावांत पाळली गेलेली नाही असे म्हणणे भाग आहे. ‘गावात विधवा प्रथा बंद’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. गावकरी कोणा स्त्रीचे कुंकू पुसणार नाहीत आणि तिला शुभकार्यातून वगळणार नाहीत, हा पहिला अर्थ. विधवेने कुंकू लावलेच पाहिजे, हा दुसरा. दुःखाच्या भरात किंवा निष्ठेपोटी एखाद्या स्त्रीने आपण होऊन मंगळसूत्र उतरवले, तर तो तिच्या सदसद्विवेकाचा भाग आहे आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 च्या छायेत येतो. तिच्या गळ्यात ते पुन्हा घालण्याचा आग्रह धरणारा गाव मुरुडच्याच वाटेने जातो. हाच विचार दंडालाही लागू आहे. रूढी पाळणाऱ्या घराला वाळीत टाकून सुधारणा घडवण्याचा मोह होऊ शकतो, पण सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आधीचा, 1949 चा मुंबई राज्याचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये धर्मसंप्रदायांच्या स्वातंत्र्याच्या कारणावरून रद्द ठरवला होता, हे पाहिले म्हणजे बहिष्काराचे हत्यार कायद्याने काढून घेणे किती अवघड गेले याची कल्पना येते.

आणखी एक शंका घेतली जाते की ज्या गावात मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, बौद्ध असे सारे एकाच मतदारयादीत आहेत, तेथे एका समाजाच्या सौभाग्यचिन्हांवर दुसऱ्याने हात का वर करावा. शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की हात वर करणारा दुसऱ्याच्या धर्मावर मत देत नसून त्या स्त्रीशी आपण स्वतः कसे वागणार याची कबुली देत असतो, आणि वाटेत ती दिसताच थबकणारा माणूस कोणत्याही समाजाचा असू शकतो. मात्र हात वर करून दिलेली कबुली सासरच्यांसमोर बसलेल्या विधवेसाठी मोकळी असेलच असे नाही. गावातले दारूचे दुकान बंद करायचे असते तेव्हा ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ याचा कौल गुप्त मतदानाने घेतला जातो आणि त्यात स्त्रियांच्या मताला निर्णायक वजन असते. जिला सोसावे लागते तिला निर्भयपणे बोलता यावे एवढी काळजी त्या नियमांनी घेतली. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. विधवांसंबंधीचा मसुदा त्या सभेत, विधवांच्या तोंडून तयार झाला पाहिजे. पुढाऱ्याने शहरातून लिहून आणलेला मसुदा ग्रामसेवकाने वाचायचा आणि टाळ्यांनी मंजूर करायचा, ही रीत गोतसभेपेक्षा फार पुढे गेलेली नाही.

शेवटी कारभाराकडे वळावे लागते, कारण 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत समाजकल्याण हा विषय असला, तरी केवळ ठरावाच्या बळावर कोणाच्या घरातील विधी थांबवता येत नाही. ठरावाची ताकद नैतिक आहे. कायद्याची ताकद जेथे आहे तेथे मात्र गावे पुष्कळदा गप्प बसतात. नवरा गेल्यावर सातबारावर वारस म्हणून विधवेचे नाव लागायला उशीर होतो, दिरांची संमती, हक्कसोडपत्र, तलाठ्याकडचे हेलपाटे यांत वर्षे जातात, आणि राहते घर मयताच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच राहते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात जमिनीवर बायकोचे नाव लावण्याचा आग्रह धरला होता, तो या कारणाने. कुंकवाचा ठराव करणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने त्याच सभेत गावातील विधवांच्या घरांच्या नोंदींचा विषय घ्यावा; जमिनीचा फेरफार महसूल खात्याकडे असला तरी घराची नोंद ज्यात होते ती नमुना 8 ची आकारणी नोंदवही ग्रामपंचायतीकडेच असते.