साथ आणि सही

'अँबियंट २ : द प्लेटोज ऑफ मिरर' हा हॅरॉल्ड बड आणि ब्रायन ईनो यांचा १९८० सालचा अल्बम. त्यात बड पियानो वाजवतात. ईनोंचं मुख्य काम तो आवाज यंत्रांतून नेऊन बदलण्याचं : सुराचा आघात मऊ करायचा, त्याची आस लांबवायची, भोवती एखाद्या रिकाम्या दालनाचा भास उभा करायचा. सगळं इतकं हळू की डोक्यावरचा पंखाही त्यावर मात करील. मग हे संगीत कोणाचं?

सरळ उत्तर, बड यांचं. सूर त्यांचे, ईनोंनी फक्त त्यांना झिलई दिली. अनुवाद करताना या उत्तराची मला सवय आहे. कविता कवीची, मी नुसती भाषा बदलते. हे उत्तर नम्र आहे आणि सोयीचंही.

पण ध्वनिमुद्रणाची रीत पाहिली की ते टिकत नाही. हे संस्कार सगळं वाजवून झाल्यावर चढवलेले नव्हते. ईनो आधी आवाजाचं एक वातावरण तयार करत आणि ते ऐकत ऐकत बड उत्स्फूर्तपणे वाजवत. एक सूर हवेत रेंगाळला की पुढचा सूर त्याच्यासाठी थांबे. तो थांबा कोणाचा? बोट बड यांचं, पण ते उचलून धरायला लावलं ईनोंच्या कामानं. आपल्याकडे याला साथ म्हणतात. हार्मोनियमवाला गायकाच्या मागून जातो असं आपण समजतो; पण त्यानं धरून ठेवलेल्या एका सुरामुळे गायक तिथं आणखी क्षणभर रमतो, हेही मैफलीत बसणाऱ्याला ठाऊक असतं.

या अल्बमवर दोघांचीही नावं आहेत. त्याच मालिकेतला, त्याच वर्षीचा तिसरा अल्बम 'डे ऑफ रेडियन्स' मात्र झिदरवादक लाराजी यांच्या एकट्याच्या नावावर आहे. ईनो तिथं निर्माते. म्हणजे दुसऱ्या हाताला कुठं सही मिळते, कुठं नाही. श्रेयाच्या वाटणीत कोणावर अन्याय झाला, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपल्या सुराचं काय होतंय ते बड यांना त्याच क्षणी ऐकू येत होतं. पटलं नाही तर ते वेगळं वाजवू शकत होते, हात आवरू शकत होते. त्यांची संमती एकदाच घेऊन ठेवलेली नव्हती, ती प्रत्येक सुराला नव्यानं मिळत होती.

माझ्या कवीला हे शक्य नसतं. बंगालीत तृतीयपुरुषी सर्वनामाला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. अख्खी प्रेमकविता लिहून झाली तरी ज्याची वाट पाहिली जाते ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे कवीला सांगावं लागत नाही. मराठीत 'आला' की 'आली' हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं. कवी हयात नसेल तर ते मी ठरवते आणि 'असं नको' म्हणायला कोणी उरलेलं नसतं. वाचकालाही पत्ता लागत नाही, कारण ओळ मराठीत अगदी सहज वाटते. अनुवादकानं अदृश्य राहावं हा उपदेश मला इथं खटकतो. जो हात दिसत नाही त्याला जाब कसा विचारणार?

'अँबियंट' संगीताकडे दुर्लक्ष करता यावं आणि लक्ष दिलं तर त्यात काही सापडावंही, अशी ईनोंची अपेक्षा होती. अशा शांत कामात दुसऱ्याचा हात निरुपद्रवी वाटणं साहजिक आहे. पण हळू आवाजात केलेला बदलही बदलच असतो. म्हणून मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव असावं असं मी म्हणते तेव्हा मान मागत नसते. 'आली' कोणी ठरवलं, हे विचारायचं झालं तर कोणाला विचारायचं, एवढं वाचकाला कळावं. आणि शक्य असेल तिथं वाक्याची रचना फिरवून, क्रियापद टाळून, ती व्यक्ती कवीनं ठेवली तशीच ठेवावी. ओळ थोडी अडखळली तरी चालेल.