किरायदार टिकतो कशाने?

मास्तर गावात राहत नाहीत, ही तक्रार मराठवाड्यातल्या ग्रामसभांना नवी नाही. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका यांनी मुख्यालयी राहावे असा सरकारचा आग्रह आहे आणि घरभाडे भत्त्याचा वादही त्यावरूनच होतो. तरी सकाळी बसने यायचे आणि संध्याकाळी परत जायचे, हे अप-डाउन काही थांबत नाही. दोष कर्मचाऱ्याचा आहेच. पण गावाने त्याला राहायला काय दिले, हेही विचारायला हवे.

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीला हा प्रश्न अधिक लागू पडतो. सोलापूर-धुळे महामार्ग आणि जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथे मिळतो. जवळच अंकुशनगरला साखर कारखाना आहे. नोकरी किंवा धंद्यासाठी आलेल्या माणसाला अशा फाट्याच्या गावात बिऱ्हाड करणे सोयीचे असते. पण सोय असली म्हणून माणूस राहतोच असे नाही. मालक चांगला भेटला तर वर्षानुवर्षे राहतो, नाहीतर बदलीची वाटही न पाहता खोली सोडतो.

मालकाचा हिशोब बहुधा दर महिन्याच्या किरायापुरता असतो. समजा, खोलीचा किराया 3000 रुपये आहे. अकरा महिने झाले की मालक 300 वाढवून मागतो. वर्षाचे 3600 जास्त मिळतील, असे त्याला वाटते. किरायदार सोडून गेला आणि खोली महिनाभर रिकामी राहिली, की त्यातले 3000 गेले. रंग, नळाची तोटी, नवा माणूस शोधण्याची धावपळ वेगळीच. तारखेला पैसे देणारे, भिंत सांभाळणारे, मोटार चालू राहिली तर स्वतःहून बंद करणारे कुटुंब गेले, त्याची किंमत तर कोणी धरतच नाही.

मालकाची भीतीही खरी आहे. मुंबईत जुन्या कायद्याने कित्येक घरांचा किराया 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकला. मालकाला डागडुजी परवडेना आणि इमारती मोडकळीला आल्या. किराया असा गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सांगितले. ‘एकदा घुसला की निघत नाही’ हे वाक्य त्या अनुभवातून आले आणि खेड्यापाड्यापर्यंत पोचले. मालकावर झालेला तो अन्याय होता, हे मान्य करायलाच हवे. पण त्याचा राग आज खोली मागायला आलेल्या परिचारिकेवर का काढायचा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू असलेल्या भागांसाठी बराच मधला मार्ग सांगतो. किराया वर्षाला 4 टक्के वाढवता येतो, म्हणजे 3000 वर 120 रुपये. दुरुस्ती मालकाने करायची, पैशाची पावती द्यायची, पाणी-वीज तोडायची नाही. करार लेखी करून नोंदवायचा आणि ती जबाबदारीही मालकावरच. हा कायदा मुख्यतः शहरे डोळ्यांसमोर ठेवून झाला. गावात तो लागू असो वा नसो, इतपत न्याय कोणत्याही घरमालकाला पाळता येतो. त्यासाठी वकील लागत नाही.

किरायाहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. खोली बघायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा त्याचे आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘तुम्ही कोणत्या समाजाचे?’ असा सरळ प्रश्न येतो. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने शेजारचे अंतरवाली सराटी साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी वडीगोद्रीतच उपोषण झाले. दोन्हीकडच्या मागण्यांची चर्चा व्हावी, जोरात व्हावी. पण तो वाद घराच्या उंबऱ्यावर आला की त्याचा पहिला चटका बाहेरून आलेल्या, मतदार यादीतही नाव नसलेल्या माणसाला बसतो. दलित आणि मुसलमान कुटुंबांना तर हा प्रश्न आंदोलनांच्या आधीपासूनच ऐकावा लागतो. ‘खोली आत्ताच दुसऱ्याला दिली’ या खोट्या उत्तराचा अर्थ त्यांना बरोबर कळतो.

ज्याला खोली मिळते, त्यालाही पुढे बरेच सोसावे लागते. पाहुणे किती आले, स्वयंपाकाला काय केले, रात्री दिवा किती वाजता मालवला, यावर मालकाचे लक्ष. बोअरला पाणी कमी झाले की आधी किरायदाराचा नळ बंद. पत्रे गळतात हे जूनमध्ये सांगितले, तर डागडुजी दिवाळीला. आपल्याच घराविषयी इतकी ओढ असलेली आपण माणसे. दुसऱ्याच्या चार भिंतींना मात्र घर मानत नाही, हे मला फार खुपते. तो किराया देतो, म्हणून तेवढ्या काळापुरते ते घर त्याचे आहे. आत जाताना दारावर थाप मारायची, इतके तरी आपण शिकायला हवे.

किरायदाराचेही कर्तव्य आहे. तारीख चुकणार असेल तर आधी सांगावे, निघताना खोली झाडून द्यावी, मालकाच्या म्हाताऱ्या आईची विचारपूस करावी. हे बहुतेक जण करतात. ज्या शिक्षकाची मुले गावातल्याच शाळेत शिकतात, त्याला शाळेच्या गळक्या वर्गाची चिंता सर्वांत जास्त असते. जी परिचारिका गावात राहते, तिला रात्री अडलेल्या बाळंतिणीसाठी हाक मारता येते. त्यांचे इथे राहणे साऱ्या गावाच्या हिताचे आहे.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि बदलून आलेली माणसे खोल्या शोधू लागतात. वडीगोद्रीच्या आणि आसपासच्या घरमालकांना माझी विनंती आहे, त्याआधी पत्रे बघून घ्या, न्हाणीचे सांडपाणी वाहते करा, किराया आणि पुढच्या तीन वर्षांची वाढ एका कागदावर लिहून ठेवा. आणि दारात आलेल्या माणसाला जात विचारू नका.