बत्तीस तासांचा हिशेब

लंडनच्या एखाद्या उपनगरातील, अजून पायाही न खणलेल्या इमारतीची कल्पना करू या. तिच्या चौथ्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड केलेली झोपण्याची एक खोली आहे. खोली अद्याप कागदावरच आहे; परंतु अभियंत्याच्या संगणकात तिच्यातून वर्षाचे ८,७६० तास एकामागून एक सरकून गेले आहेत. जुलैतल्या दुपारी काचेतून किती ऊन आत आले, भिंतींनी किती उष्णता साठवली, पहाटेपर्यंत ती किती उतरली, हे सारे आकड्यांत मांडून झाले आहे. त्या खोलीत एक माणूसही राहतो. त्याला नाव नाही, चेहरा नाही. उकडू लागले की तो न चुकता खिडकी उघडतो. या निनावी माणसाविषयी घर बांधणाऱ्याचे आणि आपले सर्वांचे कर्तव्य काय, हा प्रश्न मला येथे मांडावयाचा आहे.

इंग्लंडसारख्या थंड देशात असा हिशेब कशाला, असे आपल्याला सहज वाटेल. तेथील घरांना पिढ्यान्‌पिढ्या भीती होती ती थंडीची. म्हणून भिंतींत उष्णतारोधक थर आले, फटी बुजवल्या गेल्या, उजेडाच्या ओढीने काचा मोठ्या झाल्या. मात्र काचेतून आलेले ऊन आतील जमिनीला व भिंतींना तापवते आणि ती ऊब आल्या वाटेने सहजासहजी परत जात नाही. ज्या सदनिकेला एकाच बाजूला खिडक्या असतात, तिच्यातून वारा आरपार वाहू शकत नाही. हिवाळ्यात वरदान ठरणारे घर उन्हाळ्यात भट्टी होते, ते असे.

ऑगस्ट २००३ मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार अधिक मृत्यू झाले. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्स्बी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले; ब्रिटनमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडली ती त्या दिवशी प्रथमच. त्या उन्हाळ्यातील लाटांच्या काळात इंग्लंडमध्ये सुमारे ३ हजार माणसे उष्णतेमुळे दगावल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती.

त्याच वर्षी, १५ जून २०२२ पासून, इंग्लंडच्या इमारत नियमावलीत ‘ओ’ हा नवा विभाग लागू झाला. नवी निवासी इमारत उन्हाळ्यात अतोनात तापणार नाही, हे बांधणाऱ्याने आधी दाखवून द्यावे, असे तो सांगतो. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला सोपा: कोणत्या दिशेला किती काच असावी आणि खिडक्यांचा किती भाग उघडता यावा, याची ठरीव मापे पाळावयाची. दुसरा मार्ग संगणकीय प्रतिरूपाचा. तेथील इमारत-सेवा अभियंत्यांच्या संस्थेने २०१७ मध्ये ‘टीएम ५९’ या नावाने जी पद्धत घालून दिली, तिचा आधार या मार्गाला आहे. तिच्या दोन कसोट्या आहेत. मे ते सप्टेंबर या काळात, माणसे खोलीत असण्याच्या तासांपैकी तीन टक्क्यांहून अधिक तास खोली सुसह्यतेच्या मर्यादेपेक्षा एक अंश वा अधिक तापता कामा नये. ही मर्यादा बाहेरच्या हवेनुसार थोडी सरकती असते. दुसरी कसोटी झोपण्याच्या खोलीची. रात्री दहा ते सकाळी सात या वेळात तापमान २६ अंशांपलीकडे वर्षातील एक टक्क्याहून अधिक तास जाऊ नये. रोजचे नऊ तास धरले, तर वर्षाचे ३,२८५ तास होतात. त्यांचा एक टक्का म्हणजे बत्तीस तास. बत्तीस तास तापलेली खोली उत्तीर्ण, तेहेतीस तास तापलेली अनुत्तीर्ण!

हे वाचून प्रथम हसू येते. तेहेतिसाव्या तासाला असे काय पाप घडते? पण कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. रेघच नसेल तर दुर्बळाच्या बाजूने बोलणारे काहीच उरत नाही. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात अशीच एक रेघ आढळते. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, कोणी तेथून पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा आशयाची ती आज्ञा आहे. येथे पडणारा कोण, हे सांगितलेले नाही. तो पाहुणा असेल, मजूर असेल, शेजारचे मूल असेल. ज्याला आपण ओळखत नाही आणि जो अजून आलेलाही नाही, त्याच्या जिवाचे देणे घर बांधतानाच आपल्यावर असते, हा विचार किती प्राचीन आहे! संगणकातला तो निनावी रहिवासी त्याच विचाराचे आजचे रूप होय. उष्णतेपासून राखणारा कठडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो आकड्यांनी मोजावा लागतो, एवढेच.

तरीही येथे एक अडचण उभी राहते. हिशेबातला माणूस आज्ञाधारक आहे. दिवसा तो खोलीत असताना तापमान २२ अंशांवर गेले की खिडकी उघडू लागते आणि २६ अंशांवर ती पूर्ण उघडते. खरा माणूस असा नसतो. खाली रस्त्यावर रात्रभर वाहने धावत असतील, तर तो खिडकी लावून घेतो. तळमजल्यावर एकटी राहणारी बाई चोराच्या भीतीने कडी काढत नाही. संधिवाताने बोटे वाकलेल्या आजोबांना ती काढताच येत नाही.

नियम करणाऱ्यांना याचे भान नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात झोपण्याच्या खोलीतील आवाजाची सरासरी ४० डेसिबलच्या वर जात असेल, तर लोक खिडकी बंद ठेवतील असे धरावे, अशी दृष्टी या विभागाच्या मार्गदर्शनात आहे. हात सहज पोहोचेल अशा खिडक्यांच्या सुरक्षिततेचा विचार त्यात आहे, खिडकीतून कोणी पडू नये म्हणून कठड्याचाही आहे. वृद्ध व दुर्बळ रहिवाशांसाठीच बांधलेल्या घरांना ‘टीएम ५९’ अधिक कडक मर्यादा लावते. परंतु सर्वसाधारण इमारतीत उद्या कोण राहावयास येईल, हे कोणाला ठाऊक? आज पंचविशीत घर घेणारा माणूस पन्नास वर्षांनी त्याच घरात म्हातारा होणार आहे.

मला महत्त्वाची वाटणारी कसोटी येथेच लागते. हिशेबासाठी हवामानाचे एक ठरावीक वर्ष घ्यावे लागते. सक्तीचे आहे ते सध्याच्या दशकाला अनुसरून तयार केलेले, बेताच्या कडक उन्हाळ्याचे वर्ष. याहून प्रखर लाटांची आणि पुढील दशकांची वर्षेही तयार आहेत. ती तपासून पाहावीत असे सुचवले जाते, पण त्यांत उत्तीर्ण होण्याची सक्ती नाही. आता समजा, एका अभियंत्याने उत्सुकतेपोटी पन्नास सालानंतरचे वर्ष लावून पाहिले आणि त्याची इमारत सपशेल नापास झाली. सक्तीच्या वर्षात मात्र ती काठावर उत्तीर्ण आहे. त्याने कायदा मोडलेला नाही. अहवालात खोटा आकडाही लिहिलेला नाही. मग त्याने दुसरा कागद गुपचूप टोपलीत टाकावा का?

माझे उत्तर नाही असे आहे. नियम हा कर्तव्याचा उंबरठा असतो. उंबरठ्यावर पाय ठेवला म्हणजे घरात आलो, असे होत नाही. अभियंत्याच्या हाती सर्वच गोष्टी नसतात, हे खरे. बाहेरून लावायच्या झडपा, छज्जे, लहान काच यांचा खर्च मालकाला नको असेल, तर तो एकटा काय करणार? पण जे कळले ते सांगणे त्याच्या हाती आहे. हे घर कसे थंड ठेवावे याची माहिती मालकाला दिली जावी, अशी अट याच ‘ओ’ विभागात स्वतंत्रपणे घातलेली आहे. त्या माहितीत घराच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगाव्यात, असे सदसद्विवेकबुद्धी म्हणते. दुर्बळ माणसाला धोका कळला, तर तो निदान मदत मागू शकतो.

हिशेबाच्या बाहेर राहणारे आणखीही काही आहे. हा नियम नव्या घरांचा आहे. आधीच उभ्या असलेल्या लक्षावधी घरांतील माणसांना तो शिवत नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात आलेल्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी त्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा एकटेपणाचे आणि भीतीचे विदारक चित्र पुढे आले. कित्येक वृद्ध बंद दारांआड एकटेच गेले होते. ज्या वस्त्यांत रस्त्यावर वर्दळ होती, दुकाने होती, माणसांची ये-जा होती, त्यांतल्या काहींत गरिबी असूनही मृत्यू कमी झाले. शेजाऱ्याने दारावर मारलेली थाप कोणत्याही प्रतिरूपात भरता येत नाही. पण शिकागोत तिने माणसे वाचवली असली पाहिजेत.

आपल्याकडेही वाडीतल्या कौलारू घराची पडवी जाऊन काचेचे मनोरे उभे राहत आहेत. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती व खिडक्यांतून किती उष्णता आत यावी आणि खिडक्यांचा किती भाग उघडता यावा, यांची मापे तीत आहेत. कोकणासारख्या उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या भागाचे प्रमाण अधिक ठेवलेले आहे. घर घेताना आपण गाडी कोठे लावायची ते विचारतो, रेल्वे स्टेशन किती दूर ते विचारतो. झोपण्याच्या खोलीवर दुपारचे ऊन येते का, वीज गेली तर वारा कोठून येणार, आपल्या आईला ती खिडकी उघडता येईल का, हे कितीजण विचारतात?

विचारावयास हवे. विचारणारे वाढले, तर बांधणाऱ्यालाही बत्तीस तासांच्या पलीकडे पाहावे लागेल. आणि तोवर, येत्या मे महिन्यात ज्या घराची खिडकी दिवसभर बंद दिसेल, त्या घराचे दार आपल्यापैकी कोणीतरी वाजवावे. हिशेबातल्या त्या निनावी माणसाला तेव्हा नाव मिळेल.