हुम्ल्याची मुलगी

रंगपेटीवरचं प्लास्टिक तिनं फाडलं नाही. काठमांडूच्या रिंगरोडबाहेरचं एक बालगृह, पशुपतिनाथ उरकून तिथं पोचलेल्या आम्ही पुण्याच्या अकरा जणी, आणि प्रत्येकीच्या बॅगेत ‘तिकडच्या पोरांसाठी’ वह्या, मोजे, टूथपेस्ट, स्वेटर. आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलीनं पेटी दोन्ही हातांनी घेतली, फोटो निघेस्तोवर छातीशी धरली आणि मग कुणी न सांगता कपाटापाशी जाऊन संचालकांच्या हातात दिली. कपाटात तशाच न उघडलेल्या पेट्यांची चळत होती. काहींवर जर्मन अक्षरं होती. आम्ही म्हणालो, किती शिस्तीची पोरं आहेत!

दोनच मिनिटांत ती माझ्या मांडीवर येऊन बसली. घर कुठं, विचारलं. ‘हुम्ला.’ आई? तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग म्हणाली, ‘छैन.’ नाही. मी तिची वेणी घालत होते, तेव्हा मात्र आपणहून सांगून गेली, दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, आमाचा, आईचा, फोन येणार आहे.

हुम्ला हा नेपाळच्या वायव्य टोकाचा, तिबेटला लागून असलेला जिल्हा. मुख्य ठाणं सिमिकोट. तिथवर वर्षानुवर्षं एक तर छोटं विमान, नाहीतर पायपीट. 1996 ते 2006 च्या माओवादी युद्धात घरातलं पोर बंडखोर उचलून नेतील ही धास्ती होती, आणि गावात धड शाळा नव्हती. अशा वेळी दलाल येई. ‘काठमांडूला बोर्डिंगमध्ये घालतो, इंग्रजी शिकेल’ म्हणे, आणि त्याबद्दल पैसेही घेई. आईबापांनी शेत गहाण टाकून ते दिले. राजधानीत पोचेपर्यंत कित्येक मुलांचे कागद बदललेले असत आणि त्यांत आईबाप मेलेले असत. युद्ध संपलं, पण ही वाट बंद झाली नाही.

मला यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो: बोर्डिंग. मराठी माणसाला तो नवा नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगं काढली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह चालू केलं. तिथल्या पोरांना गाव होतं, सुटीत जायला घर होतं. गरिबीमुळे कुणी त्यांना अनाथ ठरवलं नाही. हुम्ल्याच्या आईबापांनी मागितलं होतं वसतिगृह. मिळालं अनाथालय, कारण ‘गरीब मुलाच्या शिक्षणासाठी’ म्हटलं की परदेशी पाहुणा शंभर प्रश्न विचारतो आणि ‘अनाथ’ म्हटलं की पाकीट काढतो.

हा पाहुणा जिथं सहज पोचतो तिथंच अनाथालयं उभी राहिली. नेपाळात जिल्हे 75 होते तेव्हा नोंदलेल्या बालगृहांपैकी सुमारे नव्वद टक्के पाचच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. म्हणजे मंदिरं, पोखऱ्याचा तलाव आणि गेंडे. पोरकेपणाला पर्यटनाचा नकाशा कसा काय कळतो? आणि तिथल्या पाचांतल्या चारांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात होते. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर सरकारनं नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, पालकांशिवाय मुलांच्या जिल्ह्याबाहेरच्या प्रवासाला बंदी घातली. तरी दोन महिन्यांत किमान 245 मुलं तस्करीतून किंवा विनाकारण बालगृहांत जाण्यापासून सोडवावी लागली. जगभरातून मदतीचे हात येत होते, त्यांच्यासमोर ठेवायला मुलं हवी होती.

मांडीवर येऊन बसण्याबद्दल मी नंतर वाचलं. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. निम्म्यांना पालक-कुटुंबांत पाठवलं, निम्मी सुरुवातीला तिथंच राहिली. त्यातून दिसलं ते असं: संस्थेत वाढलेलं मूल कुणाही परक्याला बिलगतं, त्यात लळ्यापेक्षा उपासमार जास्त असते. आम्ही तासाभरात उठलो. आमच्यामागून दुसरी गाडी येणार होती.

‘मग काय, पोरांना रस्त्यावर सोडायचं?’ हे मला माझ्याच धाकट्या जावेनं विचारलं. ज्याला खरंच कुणी नाही असं मूल असतं, आणि त्याच्यासाठी रात्र-रात्र जागणारी माणसंही मी पाहिली आहेत. पण आपला 2015 चा बालन्याय कायदासुद्धा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. पुण्यातल्या एखाद्या बालगृहात सहलीची बस थांबवून पोरांना मांडीवर घ्यायला आपल्याला कुणी देईल का? नेपाळात पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करणंही नियमाबाहेर आहे. तिथं मात्र आपण सरळ आत जातो आणि जाताना गाणं म्हणून दाखवायला सांगतो.

खरं काम फार कंटाळवाणं असतं. मुलाच्या तोंडचं अर्धवट गावाचं नाव धरून सिमिकोटपुढे दोन-तीन दिवस चालायचं, फोटो दाखवत घर शोधायचं, आई ओळखते का पाहायचं, मग त्या घराला शाळेचा खर्च आणि एखादी शेळी पुरवत राहायचं. पोर हुम्ल्याची बोली विसरलेलं असतं, तेही निस्तरायचं. यात बॅग भरण्यासारखं काही नाही. लागतो तो कुणाचा तरी पगार.

यंदा मुक्तिनाथची सहल ठरली तेव्हा मी गटाला हे सगळं सांगितलं, मुलं घरी पोचवणाऱ्या एका संस्थेचा खाते क्रमांकही दिला. चौघींनी पैसे पाठवले. एकीनं विचारलं, पावतीवर मुलाचं नाव येईल का? बाकीच्या पोखऱ्यात एका बालगृहात जाऊन आल्या. या वेळी बॅगेत सॅनिटरी पॅड होते. मुलींनी लगेच उघडून घेतले म्हणे.