सुटी, पण कोणाच्या जिवावर?

लक्षद्वीप की मालदीव, या वादाने जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे अशी काही धुळवड उडवली की सुटी कुठे घालवावी हा देशनिष्ठेचा प्रश्न होऊन बसला. पंतप्रधानांची लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरची छायाचित्रं आली, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाह्यात शेरे मारले, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि ज्यांनी आयुष्यात घोटाभर खाऱ्या पाण्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही तेही बहिष्काराच्या बाता मारू लागले. लक्षद्वीपची बेटं ३६, त्यांतल्या १० बेटांवर वस्ती, सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. आमच्या निफाड तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढ्या भूमीवर आपण आठवडाभरात सगळा देश लोटायला निघालो होतो. यथावकाश वाद विझला. जायचं कुठे यावर सगळे तावातावाने बोलले. जाणाऱ्याच्या मागे घरी काय होतं, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

निफाडमध्ये हा प्रश्न हवेतला नाही. मार्चअखेरीपर्यंत बहुतेक द्राक्षबागा खाली होतात. व्यापाऱ्याकडून पैसे सुटले तर सुटतात. एप्रिलच्या खरड छाटणीआधी बागेला दोन-तीन आठवडे विश्रांती द्यायची असते. नेमक्या त्या फटीत हल्ली आमच्याकडची जोडपी अंदमानला जाऊन येतात. पूर्वी तिरुपती, फार तर अष्टविनायक. आता हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप. शेतकऱ्याला कसली आलीय विमानवारी, असं नाक मुरडणाऱ्यांशी मला बोलायचं नाही. सरकारी नोकराच्या प्रवास-सवलतीवर त्यांनी कधी नाक मुरडलेलं नाही. तेवढ्या पैशांत पंढरीच्या चार वाऱ्या झाल्या असत्या म्हणणाऱ्यांनाही इथूनच रामराम.

वाद घालायचा आहे तो एका सभ्य, सुशिक्षित आणि सर्वमान्य मताशी. हे मत म्हणतं, सुटी हवीच, कारण माणूस ताजातवाना होऊन परततो आणि दुप्पट जोमाने कामाला लागतो. डॉक्टर हेच सांगतात, सहल कंपन्यांच्या जाहिराती हेच सांगतात, कारखान्यात व्याख्यान द्यायला येणारे वक्तेही हेच सांगतात. आमच्याकडे तर त्याला घरचा दाखला मिळाला आहे. बागेला आपण विश्रांती देतो ना? त्या दिवसांत वेल खोडात आणि ओलांड्यांत अन्नसाठा करते, त्या जोरावर पुढची फूट जोमदार निघते. मग बागायतदाराने स्वतःला विश्रांती का देऊ नये? दाखला इतका चपखल वाटतो की ऐकणारा लगेच मान डोलावतो.

मला तो पटत नाही. बागेची विश्रांती ही पिकाच्या वेळापत्रकातली एक पायरी आहे. तेव्हाही पाणी मोजून सोडायचं असतं, खत मोजून द्यायचं असतं. विश्रांती कमी पडली तर डोळे मागेपुढे फुटतात आणि भुर्दंड वर्षभर बसतो. म्हणजे ही विश्रांती वेलीसाठी नसते, मालासाठी असते. हा दाखला माणसाने स्वतःला लावून घेतला की तो स्वतःचाच माल होतो. त्याच्या समुद्रस्नानाचा हिशेबही मग एकरी उताऱ्यात मांडायचा. ज्याच्याकडून आता काही उतारा निघायचा नाही, त्याचं काय? गुडघे गेलेल्या आजीला मरण्याआधी एकदा समुद्र पाहायचा असेल, तर ताजेतवानेवाद्यांकडे तिला द्यायला उत्तर नाही. ती परतून कुठल्या कामाला जोमाने लागणार आहे?

शिवाय हे मत अनुभवाला तरी कुठे उतरतं? परतीचा प्रवास पाहा. स्वराज द्वीपहून बोटीने पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून सरकारी कागदावर श्रीविजयपुरम), तिथून विमानाने चेन्नई, तिथे ताटकळून दुसऱ्या विमानाने मुंबई, मग अपरात्री गाडीने कसारा घाट. नाशिकचं म्हणतात ते ओझरचं विमानतळ आमच्याच तालुक्यात, पण सोयीचं विमान मिळेल तेव्हा खरं. पहाटे घरी पोचलेल्या माणसाचे पाय सुजलेले असतात, डोळे चुरचुरत असतात, आणि छाटणीची टोळी सकाळी बांधावर हजर असते. ताजेपणा हीच सुटीची कसोटी असेल, तर ही सुटी ओझर-मुंबई रस्त्यावरच नापास झाली. तरीही आपली सुटी वाया गेली असं त्या जोडप्याला वाटत नाही. त्यांना काहीतरी मिळालेलं असतं, आणि ते या मताच्या फूटपट्टीत मावत नाही.

या मताचा खरा दोष आणखी खोल आहे. सुटीवर जाणारा माणूस त्याला एकटाच दिसतो: त्याचं शरीर, त्याचा शीण, त्याचा जोम. पण काम एकट्याचं नसतं. म्हणून मला सुटीचे दोन प्रकार वेगळे करावेसे वाटतात. एक, काम थांबल्यामुळे मिळालेली फुरसत. दुसरी, काम चालूच असताना ते दुसऱ्याच्या हाती सोपवून घेतलेली सुटी. पहिलीत कोणी कोणावर विसंबलेलं नसतं. आषाढात पाऊस लागला, घरात बसलो, एवढंच. दुसरीत विसंबणं असतं, आणि विसंबलं की देणं लागतं. दिसायला दोन्हींत माणूस सारखाच आडवा पडलेला असतो.

नोकरदाराला हा फरक जाणवत नाही, कारण सोपवण्याचं काम त्याच्या वतीने कायदा करतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा दिली. ओझरच्या एचएएलमधला कामगार रजेवर गेला तर त्याच्या जागी कोणाला उभं करायचं हे खातं बघतं. केंद्र सरकारच्या प्रवास-सवलतीत देशात कुठेही जाण्याची जशी तरतूद आहे, तशी मूळ गावी जाण्याचीही आहे. म्हणजे घरी जाणं हीसुद्धा सुटी असते हे सरकारी नियमाला उमगलं आहे. त्याच कामगाराच्या शेजारच्या गटातल्या बागायतदाराला खातं नाही. बाग विश्रांतीला असते तेव्हा उन्हाळ कांदा काढणीला आलेला असतो, गायी दोन वेळा धार मागतात, वीज रात्री येते. काम थांबायची वाट पाहत बसलं तर सुटी कधीच यायची नाही.

माझ्या ओळखीचं निफाडजवळच्या गावातलं एक जोडपं असंच जाऊन आलं. निघण्याआधी नवऱ्याने धाकट्या भावाला बांधावर उभं राहून सांगितलं, की कांदा पातीसकट नीट सुकू दे, मगच चाळीत भर, कुजका एकही आत जाऊ देऊ नको. संपलं त्याचं सोपवणं. किनाऱ्यावर असताना त्याने भावाला एकदा फोन केला, तोही समुद्र दाखवायला. बायकोचा सासूला फोन मात्र सकाळ-संध्याकाळ चालू. “आत्या, फ्रीजमधी खालच्या कप्प्यात निळ्या डब्यात विरजण हाये, ते आधी संपवा. गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या, आधी नाही. अन् पोराची वही दप्तराच्या मागच्या कप्प्यात हाये.” आठवडाभराचे लाडू-चिवडा करून, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ती निघाली होती. म्हणजे तिने काम सोपवलं नव्हतंच. आधी उरकून ठेवलं होतं, आणि उरलेलं फोनवरून करत होती. चेन्नईहून समुद्राच्या तळातून अंदमानपर्यंत आलेली सुमारे २,३०० किलोमीटरची तार ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिथल्या फोनला दम आला. चांगलंच झालं. पण स्वयंपाकघरही त्या तारेतून बेटावर पोचलं. एकाच वाळूवर दोघं बसली होती, आणि सुटीवर त्यांतलं एकच होतं.

यात नवऱ्याचा दोष किती हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. (पूर्ण बाजूला ठेवता येत नाही, हेही कबूल.) बाईचं काम ‘काम’ म्हणून मोजलंच जात नसल्याने ते सोपवायचं कोणाला आणि कसं, याची भाषाच घरात तयार झालेली नाही. कांदा चाळीत कधी भरायचा याला शब्द आहेत, वेळा आहेत, जबाबदार माणूस आहे. विरजणाला यातलं काही नाही. महिलांसाठीच्या खास सहली महाराष्ट्रात इतक्या का चालल्या याचं उत्तर मला इथे सापडतं. नवरा सोबत नसतो म्हणून बाई मोकळी होते, असं चेष्टेत म्हणतात. मला कारण वेगळं दिसतं. नवरा घरी राहिला की घर कोणाच्या हाती दिलं हे निदान नाव घेऊन सांगता येतं. जोडप्याच्या सहलीत तेवढंही होत नाही.

आपल्या इतिहासानेही जाणाऱ्याकडेच पाहिलं. नाशिक जिल्ह्याला अंदमान काळं पाणी म्हणून माहीत होतं. भगूरच्या सावरकर बंधूंचा सेल्युलर तुरुंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथे लिहीत नाही. पण बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी वाट पाहता पाहता १९१९ साली गेल्या, आणि बंधूंची अंदमानातून पाठवणी झाली १९२१ मध्ये. त्यांच्यासाठी बेट होतं ते इथलं घर. न्यायमूर्ती रानडे तर १८४२ साली निफाडलाच जन्मले. रमाबाईंच्या १९१० च्या आठवणींत या जोडप्याचे कितीतरी प्रवास आहेत. कलकत्त्याच्या मुक्कामात न्यायमूर्तींनी बंगाली शिकायला घेतलं आणि बायकोलाही शिकवलं. प्रवासाचा असा सदुपयोग ताजेतवानेवाद्यांना आवडेल. मी ते पुस्तक वाचताना मात्र घरातल्या त्या वडीलधाऱ्या बायकांपाशी थबकतो, ज्यांनी रमाबाईंच्या शिक्षणावरून त्यांना जाच केला. जाच तो जाचच, त्याची तरफदारी करायची नाही. पण त्या बायकांची कुठे जायची, काही शिकायची पाळी कधी आली होती का, हे विचारायला काय हरकत आहे?

जुन्या यात्रेला या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. काशीहून परतलं की मावंदं घालायचं, गाव जेवू घालायचं. त्याशिवाय यात्रा पुरी होत नसे. त्यात पुण्याचा बडेजाव होता, कर्जही होत असे, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे गायचं कारण नाही. तरी एक गोष्ट त्यात पक्की होती: परत येणं हा प्रवासाचाच भाग, आणि मागे राहिलेल्यांचं काही देणं परतणाऱ्याच्या अंगावर असतं. आपण आता काय करतो? शिंपल्यांची माळ आणतो, फोटो दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी सासूच्या हातून डबे परत घेतो. तिचे ते दिवस कशात धरले, हे विचारत नाही.

मागे राहणारी सासू एकटी नाही. छाटणीला, विरळणीला आमच्याकडे सुरगाणा-पेठ भागातून टोळ्या येतात. त्यांची सुटी होळीला, आणि ती घरी जाण्याची. मालदीवमध्ये एकेका बेटावर एकेक हॉटेल असतं. तिथे राबणारा माणूसही सुटी मिळाली की बेट सोडून घर गाठतो. ज्याचं काम थांबलं की मजुरीच थांबते, त्याला सोपवण्याची चैन परवडत नाही. माझा फरक इथे अपुरा पडतो असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं, तो इथेच सर्वांत जास्त बोचतो: सोपवता येणं हीच मुळात मालकी आहे, आणि ती घराघरांत, शेताशेतांत असमान वाटलेली आहे.

यावर उपाय नाहीत असं नाही. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकापासून शेतकऱ्याच्या जागी बदली माणूस पाठवण्याची सार्वजनिक सोय आहे. जनावरं सांभाळणाऱ्याला वर्षाला २६ दिवसांची सुटी कायद्याने मिळते. तो देश श्रीमंत आहे, मान्य. पण ज्या ओझरमध्ये बापू उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास वाघाडच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यालाही पाण्याची पाळी मिळू लागली, तिथल्या लोकांना पाळी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कोणाचं पाणी कधी, हे ते संस्थेच्या वहीत लिहून ठेवतात आणि वरचा गडी कितीही वजनदार असला तरी वहीप्रमाणे दार बंद करायला लावतात. सुटीचीही अशी वही घरोघर आणि सोसायटी-सोसायटीत करता येईल. यंदा थोरला गेला, तर पुढच्या खेपेला कांदा सांभाळणारा धाकटा आणि त्याची बायको जाईल, आणि घर थोरला चालवेल, विरजणासकट. त्याआधीची पाळी आजीची. तिचं तिकीट काढताना, ती परत येऊन काय काम करणार, हे विचारायचं नाही.