पहाटे साडेपाचची वेळ

पहाटे साडेपाचला मुलुंडला, बोरिवलीला, ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी फिरायला निघालेले आजी-आजोबा रस्त्यावर दिसू लागतात. दूधवाले असतात, पेपरवाले असतात, खुर्चीतच पेंगणारा वॉचमन असतो. त्याच सुमाराला रात्रीची फेरी आटोपून बिबट्याही डोंगराकडे परतत असतो. बहुतेक दिवशी गाठ पडत नाही. ती पडू नये याची काळजी माणसापेक्षा बिबट्यालाच जास्त असते.

मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. जवळजवळ सगळीकडून शहरानं वेढलेलं. २०१८ साली अभ्यासक निकित सुर्वे आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून उद्यान, शेजारची आरे वसाहत आणि आसपासच्या भागात ४७ बिबट्यांची नोंद केली. ही मोजणी अंगावरच्या ठिपक्यांवरून होते. आपल्या बोटांच्या ठशांसारखे तेही प्रत्येकाचे वेगळे असतात.

सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की सकाळच्या चहाआधीच तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर पोचतो. पाठोपाठ मागणी येते, ‘पिंजरा लावा!’ भीती खोटी नसते. घरात लहान मूल असलेल्या माणसाला आकडेवारी ऐकवून धीर येत नाही. पण या पिंजऱ्यानं पूर्वी काय केलं, ते पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे पाहिल्यावर कळतं.

जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, तिथंच वितो आणि पिल्लं वाढवतो. २००१ पासून तिथले बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दूर जंगलात सोडले जाऊ लागले. हेतू चांगलाच होता. पण बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते पुढे १७ पर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात धडका मारून जखमी झालेला, बिथरलेला बिबट्या घराची वाट शोधत गावागावांतून हिंडतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरणा बिबट्या पटकावतो. म्हणजे एका त्रासाचे दोन झाले. संजय गांधी उद्यानातही त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे आणून सोडले जात होते. २००४ च्या एकट्या जून महिन्यात इथं बिबट्याच्या हल्ल्यात दहा माणसं गेली.

बिबट्या घराकडे चालतो म्हणजे नेमकं काय करतो, हे ‘आजोबा’नं दाखवून दिलं. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. त्याला वर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडून दिलं. वयानं थोराड आणि स्वभावानं शांत, म्हणून त्याचं नाव आजोबा. मग हे आजोबा निघाले, ते पश्चिमेकडे. रात्री चालायचं, दिवसा झुडपात पडून राहायचं. हमरस्ता ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, शेवटी वसईची खाडी पोहून पार केली आणि उद्यानाच्या उत्तरेकडच्या नागला भागात दाखल झाले. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची ही पायपीट. वाटेत गावं होती, अंगणं होती, अंगणात खाटा टाकून झोपलेली माणसं असणार. एकालाही ओरखडा आला नाही. २०११ मध्ये आजोबा रस्ता ओलांडताना वाहनाखाली मेला. त्याच्यावर पुढे मराठी सिनेमाही निघाला. लोकांनी तो पाहिला, हळहळले, आणि पिंजऱ्याची मागणी तशीच राहिली, हेही सांगायला हवं.

२०११ मध्येच उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकारानं वनखातं, अभ्यासक आणि मुंबईकर एकत्र आले. पत्रकारांसाठीही कार्यशाळा झाल्या, कारण ‘नरभक्षक घुसला’ या एका मथळ्यानं वनखात्यावर पिंजऱ्यासाठी किती दबाव येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं तर बिबट्या घुसलेला नसतोच. तो तिथलाच असतो, आणि तो येतो कुत्र्यांसाठी. २०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की उद्यानाच्या परिसरातले बिबटे वर्षाकाठी सुमारे दीड हजार भटकी कुत्री फस्त करतात. म्हणजे चावे आणि रेबीजही तेवढे कमी. कुत्री येतात उकिरड्यासाठी, आणि उकिरडा आपलाच असतो.

आरेतल्या पाड्यांवरच्या वारल्यांना हा शेजार नवा नाही. त्यांच्यात वाघोबा हा देव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याचा मान असतो. शहरी माणूस याला भाबडेपणा म्हणतो. पण या देवाशी व्यवहार असतो: तू आमच्या वाटेला जाऊ नकोस, आम्ही तुझा मान ठेवू. छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी आरेतल्या अशाच एका वस्तीच्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या टिपला. त्या छायाचित्राला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आरेत सोळा महिन्यांची एक मुलगी हल्ल्यात गेली. अशा वेळी नेमका तोच बिबट्या ओळखून पकडावाच लागतो, आणि त्या घरापुढे सहजीवनाच्या गोष्टी सांगायला कुणाची जीभ उचलत नाही. पण धोका कुठं असतो ते बघा: अंधारात एकटं सुटलेलं मूल, किंवा संडास नाही म्हणून रात्री उघड्यावर बसलेलं माणूस. बसलेला माणूस बिबट्याला माणसाएवढा दिसत नाही, एखाद्या जनावराएवढा दिसतो.

उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत म्हणूनच उपाय फार साधे निघतात. दिव्याचा खांब, दाराशी संडास, हातात बॅटरी, रात्री कुत्रं घरात. आणि कचऱ्याची गाडी. ती आली नाही, तर संध्याकाळपर्यंत कुंडी ओसंडते, अंधार पडता पडता कुत्री जमतात, आणि मागच्या भिंतीपलीकडच्या झुडपात कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असतं.